ग्रँड टूर गेली, आता शाळेच्या सायकलीचं बोलू

पोस्ट मोठी आहे. घाई असेल त्यांनी थेट शेवटचा परिच्छेद वाचून कमेंट करा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

जानेवारीत आपल्याकडे सायकलीचा केवढा सोहळा झाला, आठवतंय ना? पुणे ग्रँड टूर. १९ ते २३ जानेवारी २०२६, एकूण ४३७ किलोमीटर, आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत. त्यातला एक टप्पा पुरंदरमधून आपल्या बारामतीत आला. मार्गावरचे खड्डे बुजले, नवं डांबर पडलं, पांढरे पट्टे आले, शर्यतीपुरती वाहतूक थांबली. परदेशी खेळाडू सुसाट निघून गेले आणि आपण कडेला उभं राहून मोबाईलवर शूटिंग केलं. चांगलं झालं. माझा त्याला विरोध नव्हता, आजही नाही. आपल्या रस्त्यावर जगातले खेळाडू यावेत, पोरांनी ते बघावं, यात वाईट काय?

पण त्या निमित्ताने एक गोष्ट सिद्ध झाली, ती विसरू नका. सायकलसाठी रस्ता नीट करणं आपल्या यंत्रणेला जमतं. पैसा असतो, माणसं असतात, वेळही असतो. मग उरलेले ३६० दिवस याच तालुक्यांत जे सायकल चालवतात त्यांच्यासाठी का जमत नाही, एवढंच मला विचारायचंय.

कोण चालवतं सायकल? पहाटे पेन्सिल चौकात जाऊन उभं राहा. एमआयडीसीतून रात्रपाळी करून सुटलेला वॉचमन दिसेल, हँडलला डबा अडकवलेला. दुधाची कॅन लावलेला म्हातारा दिसेल. सकाळी दहाच्या सुमाराला लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकीकडे या. गणवेशातल्या मुली तिघी-तिघी शेजारून गप्पा मारत येताना दिसतील. वालचंदनगरच्या जुन्या माणसांना विचारा, शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी कसा भरायचा. या सगळ्यांना आपण ‘सायकलवाला’ म्हणतो. ‘सायकलिस्ट’ हा शब्द ज्याच्या अंगात चकचकीत जर्सी आणि डोक्यावर हेल्मेट असतं त्याच्यासाठी राखून ठेवलाय. एक रविवारी सकाळी हौसेने चालवतो, दुसरा सोमवार ते शनिवार पोटासाठी. सत्कार कुणाचा होतो ते तुम्हीच बघा.

आता रस्त्याचं. संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत साधारण १३० किलोमीटरचं चौपदरीकरण, खर्च सुमारे ४,४०० कोटी. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, ही सगळी गावं याच वाटेवर. रस्ता झकास आहे, कुणी नाही म्हणणार नाही. बारामतीहून इंदापूरला चारचाकीने जाणाऱ्याला विचारा, तो दुवा देईल.

सायकलवरच्या मुलीला विचारा. तिची वस्ती रस्त्याच्या एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. मधे दुभाजक. नियमाने जायचं तर डाव्या हाताने पुढच्या कटपर्यंत जायचं, तिथे भरधाव गाड्यांतून ओलांडायचं आणि पलीकडून उलटं यायचं. कट एक किलोमीटर पुढे असला तर जाताना दोन किलोमीटर जास्तीचे, आणि येताना तोच प्रकार घडला तर दिवसाचे चार. दप्तर पाठीवर, ऊन डोक्यावर. ती काय करणार? कडेकडेने विरुद्ध दिशेने येणार किंवा दुभाजकावरून सायकल उचलून नेणार. उद्या काही झालं की पंचनाम्यात येणार, ‘सायकलस्वार विरुद्ध दिशेने येत होता’. बातमीतही तेच छापून येणार आणि विषय संपणार. विरुद्ध दिशा तिने निवडली की नकाशा काढणाऱ्याने तिच्यावर लादली, हे पंचनाम्यात लिहायला रकाना नसतो.

आणि गंमत बघा. या मार्गाच्या घोषणेतच वारकऱ्यांना चालायला दोन्ही बाजूंनी स्वतंत्र मार्ग होता. पालखी आपल्या दोन तालुक्यांतून काही दिवसांत पुढे जाते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीत गोल रिंगण होतं, आपण सगळे दर्शन घेतो. वर्षातले बाकीचे दिवस तो चालायचा मार्ग काय कामाचा? कुठे मका वाळत घातलेला असतो, कुठे हॉटेलपुढच्या गाड्या उभ्या असतात, कुठे खडीचा ढीग. मग तो सायकलींना का देत नाही? त्याला एक रुपयाचं नवं बांधकाम लागणार नाही. पालखी असेल तेव्हा वारकऱ्यांचा, एरवी सायकलचा आणि पायी चालणाऱ्यांचा, असा बोर्ड लावा. जिथे सलग नाही तिथे निदान शाळा आणि गाव यांच्यामधला तुकडा जोडा. मी हे एका कार्यालयात बोललो तर साहेब म्हणाले, “तशी तरतूद नाही.” मका वाळवायची तरतूद कुठल्या कलमात आहे, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

गळीत हंगामात तर बोलायची सोय नसते. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, एवढे कारखाने आजूबाजूला. दिवाळीनंतर रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या, जुगाड, बैलगाड्या. कारखाने आपले आहेत, ऊस आपला आहे, घरात साखरेचं बिल येतं, म्हणून कुणी तोंड उघडत नाही. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर नाही, ब्रेकलाईट नाही, दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर आलेला, पुढे ड्रायव्हरच्या कानठळ्या बसवणारी गाणी. अशी ट्रॉली शेजारून गेली की सायकलवाल्याला कडेच्या मातीत उतरावंच लागतं. डांबर आणि माती यात वीतभर पायरी. पुढचं चाक त्या पायरीवरून घसरलं की माणूस पडतो, आणि पडतो तो ट्रॉलीच्या बाजूला. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो, फोटो येतो. फोटोतल्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असतो, हे मान्य.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण यावर कुणीच बोलत नाही. मुलींना सायकली वाटतात. जिल्हा परिषद वाटते, ट्रस्ट वाटतात, वाढदिवसाला नेते वाटतात. चांगली गोष्ट आहे, सायकल मिळाल्यामुळे कितीतरी मुलींची शाळा सुटली नाही. पण वाटपानंतर सहा महिन्यांनी कुणी त्या गावात जातं का? जाऊन बघा. गोठ्याच्या भिंतीला सायकल टेकवलेली, मागचं चाक बसलेलं, चेन गंजलेली, कॅरियरवर कोंबडी. मुलगी पायी किंवा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे. कारण काय? पंक्चर. फक्त पंक्चर.

पूर्वी स्टँडजवळ, चौकात, गावच्या वेशीला सायकलचं दुकान असायचं. तासावर भाड्याने सायकल मिळायची, तिथेच घमेल्यात पाणी असायचं. ट्यूब फुगवून पाण्यात धरायची, बुडबुडा आला की तिथे खूण, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावायचं, वाळू द्यायचं, पॅच दाबायचा. दहा मिनिटांचं काम. आउट निघालेलं रिम तारा कसून सरळ करणारी माणसं होती, नुसतं चाक फिरवून कुठली तार ढिली ते सांगायची. आज मोटरसायकली आणि गाड्यांना ट्यूबलेस टायर आले. पंक्चरवाल्याकडे ट्यूबलेसची पट्टी असते, कॉम्प्रेसर असतो, सायकलच्या साइझची ट्यूब नसते. सायकलचं पंक्चर काढून त्याचं पोट भरत नाही, त्याला दोष कसा द्यायचा? सायकल घेऊन गेलं की तो म्हणतो, “ठेवा, सवडीने बघतो.” ती सवड आठवडाभर येत नाही. तोवर मुलीची प्रयोगवही मागे पडलेली असते.

ग्रँड टूरमध्ये त्या खेळाडूंच्या मागे गाडी होती, गाडीच्या टपावर सुटी चाकं, आत मेकॅनिक. पंक्चर झालं की चाक बदललं, गडी पुढे. आपल्या पोरींना गाडी नको. एक पंप, दोन पाने, सोल्यूशनची ट्यूब आणि पॅच, एवढं सामान प्रत्येक माध्यमिक शाळेत एका पेटीत ठेवा. बारामतीत आणि इंदापुरात आयटीआय आहे. तिथली मुलं महिन्यातून एक दिवस शाळेत येऊन ब्रेकचे रबर बदलतील, चेनला तेल घालतील, मुलींना पंक्चर काढायला शिकवतील. खर्च हिशोबात दिसणार नाही इतका कमी. वाटपाच्या कार्यक्रमातल्या मांडवाच्या भाड्यात वर्षाचं सामान येईल.

नियमांचं बोलू, कारण कमेंटमध्ये पहिला माणूस तेच लिहिणार आहे, “आधी सायकलवाल्यांना शिस्त लावा.” लावा की! मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. तिघी शेजारून चालवू नये. रात्री दिवा नसेल तर निदान मागे लाल रिफ्लेक्टर हवा, तो तुटला की पुन्हा बसवायला हवा. कानात हेडफोन नको. घंटी आणि दोन्ही ब्रेक चालू हवेत. आपल्याच राज्यात एकेकाळी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या, बिल्ला द्यायच्या. रात्री दिवा नसला किंवा डबल सीट बसलं की पोलीस अडवायचा, चाकातली हवा सोडायचा. लोक शिव्या द्यायचे, पण त्या काळी सायकल हे वाहन होतं, सरकारच्या हिशोबात होतं. आज पोलीस सायकलवाल्याला अडवत नाही, कारण त्याला तो दिसतच नाही. ट्रॉलीवाल्यालाही दिसत नाही.

माझा एक भाचा जर्मनीत म्युन्स्टर नावाच्या शहरात शिकतो. सायकलींचं शहर म्हणून ते गाव ओळखलं जातं. तो सांगतो, तिकडे लाड नाहीत. सायकल चालवताना हातात मोबाईल धरला तर ५५ युरो दंड. लाल सिग्नल तोडला तर ६० पासून पुढे. दिवा, रिफ्लेक्टर, घंटी, दोन ब्रेक सक्तीचे. पण तोच कायदा गाडीवाल्यालाही बांधतो. २०२० पासून तिथे नियम आहे, सायकलला ओलांडताना शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं. एवढी जागा नसेल तर मागे थांबायचं, हॉर्न मारत घुसायचं नाही. दोन मीटर म्हणजे उंच माणूस आडवा झोपला तर जेवढी जागा लागेल तेवढी. आपल्याकडे ओव्हरटेक करताना सायकलवाल्याचं हँडल आणि एसटीचा पत्रा यांच्यात किती जागा असते, हे ज्याने भिगवण रोडला सायकल चालवलीय त्याला माहितीये.

कुणी म्हणेल, जर्मनी कुठं, इंदापूर कुठं. अहो, २०२४ मध्ये आपल्याच सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी करार केला, आपली १० हजार तरुण पोरं तिकडे कामाला पाठवायची म्हणून. पोरं पाठवायला जर्मनी जवळ आणि नियम आणायला लांब, असं कसं चालेल?

कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. कलम १३८ (१अ) प्रमाणे सायकल, बैलगाडी आणि पादचारी यांच्यासाठी राज्याला नियम करता येतात. कलम १९८अ प्रमाणे रस्त्याचं डिझाईन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार अधिकाऱ्याला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं, हे नियम सहा महिन्यांत करा. मुंबईत बसून नियम लिहिताना अंथुर्ण्याच्या रस्त्यावरची नववीतली मुलगी कुणाच्या डोळ्यापुढे असेल? आपण सांगितलं नाही तर नसेलच. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलवर होती.

काही जण म्हणतील, आता सायकल कोण चालवतं, घरटी मोटरसायकल आहे. घरटी एक आहे हो. ती बाप घेऊन जातो. घरात उरलेल्या चौघांनी काय करायचं?

तर आता काम सांगतो. मी एक यादी करतोय. पालखी मार्गावर किंवा भिगवण, फलटण, मोरगाव रोडवर तुमच्या गावातल्या मुलांना शाळेला जाताना रस्ता कुठे ओलांडावा लागतो, जवळचा कट किती लांब आहे, आणि गावात सायकलचं पंक्चर काढणारा कुणी आहे की नाही, या तीन गोष्टी कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. मुलांची नावं, फोटो टाकू नका. जागेचा फोटो चालेल. शिक्षक मित्रांनी शाळेत सायकलवर येणाऱ्या मुला-मुलींचा नुसता आकडा कळवला तरी पुरे. पंधरा दिवसांनी ही यादी घेऊन दोन्ही तालुक्यांच्या प्रांत कार्यालयात, महामार्गाच्या अधिकाऱ्यांकडे आणि आरटीओत जाणार आहे. निवेदनाची पोच मिळेल तिचा फोटो इथेच टाकीन, आणि तारीख लिहून ठेवीन. यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कुणी काय उत्तर दिलं, तेही इथेच छापीन.