रक्तदाबाची गोळी आणि उपासाचा दिवस

रक्तदाबाचें औषध चुकलें कीं तो दोष विसराळूपणाच्या माथीं मारण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस हें निदान अपुरें वाटतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालांत असें नमूद आहे कीं, सुधारलेल्या देशांतसुद्धां दीर्घ मुदतीच्या विकारांवरील औषध सांगितल्याप्रमाणें घेणारे रोगी सरासरीनें निम्मेच भरतात. उरलेले निम्मे सारे विसराळू खास नव्हेत!

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं पतिपत्नी दोघांसही हा विकार आहे. यजमानांची गोळी सकाळच्या चहाच्या बशींत न चुकतां येते; ती ठेवणाऱ्या बाईंची स्वतःची गोळी मात्र पूजा, स्वयंपाक, नातवाचा डबा ह्यांच्यामागें कोठें तरी राहते. त्यांतून एकादशी वा चतुर्थी आली कीं ती मुळींच नाहीं. गेल्या श्रावणांत सोमवार-शनिवार धरून असे पुष्कळ दिवस गेले, आणि एके सकाळीं बाईंचा उजवा हात लुळा पडून वाचा अडखळली. तासाभरानें सारें पूर्ववत् झालें, हें दैव. पक्षाघाताची ती सूचनाच होती. डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां "रोज घेतें हो!" असेंच उत्तर मिळालें. यजमानांनीं घरीं येऊन मोजलें, तों महिन्याच्या ३० गोळ्यांपैकीं १३ शिल्लक!

बाईंस लबाड म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. उपास मोडेल ही त्यांची भीति खरी होती. परंतु व्रताचा भंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी आपल्या धर्मग्रंथांत गणल्या आहेत, त्यांत पाणी, कंदमूळ, फळ, दूध ह्यांच्या पंक्तीस औषधही बसविलेलें आहे. हें त्यांस इतक्या वर्षांत कोणीच सांगितलें नव्हतें. डॉक्टरांनीं उपासाविषयीं विचारलें नाहीं, आणि उपाध्यायांनीं औषधाविषयीं.

दुसरें कारण ह्या विकाराच्या स्वभावांतच आहे. तो बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं; त्रास झालाच तर औषधाचा होतो. अम्लोडिपिननें कोणाचे घोटे सुजतात, रामिप्रिलनें कोणास कोरडा खोकला लागतो. रोगी मुकाट्यानें गोळी सोडतो, भिडेनें तें सांगत नाहीं, आणि दाब उतरला नाहीं असें पाहून डॉक्टर दुसरी गोळी वाढवितात! वस्तुतः खोकला आणणारी गोळी बदलून निराळ्या जातीची देतां येते. पण त्यासाठीं तोंड उघडावें लागतें. उलट, दाब १२०/८० भरला म्हणून औषध बंद करणारेही थोडे नाहींत. तो आंकडा गोळीच्याच जोरावर उतरलेला असतो. कांहीं जातींच्या गोळ्या एकाएकीं थांबविल्यास दाब उसळतो, हें आणखीच.

सकाळची गोळी राहिली तर आठवेल तेव्हां त्याच दिवशीं घ्यावी. दुसऱ्या दिवशीं दोन एकदम घेऊं नयेत.

आमच्या स्नेह्यांकडे आतां दोन बशांत दोन गोळ्या असतात. बाईंची गोळी काढण्याचें काम यजमानांनीं अंगावर घेतलें आहे. पहिल्या आठवड्यांत तें दोनदां राहिलें, असें बाई हंसत सांगतात.