कागद पाहिले नव्हते काय?

अनधिकृत इमारतीवर हातोडा पडला, की दुसऱ्या दिवसापासून एक प्रश्न कानी येऊ लागतो: या लोकांनी घर घेताना कागद पाहिले नव्हते काय? हा प्रश्न वर्तमानपत्रांत विचारला जातो, सरकारी कचेरीत विचारला जातो आणि, खेदाने नमूद करावे लागते, मिस्सा आटोपल्यावर आपल्या चर्चच्या पटांगणातही विचारला जातो. विचारणारे बहुधा वडिलोपार्जित घरात सुखाने नांदत असतात. आम्हांला या प्रश्नाचा राग येतो. कागद पाहिलेले असतात. एकदा नव्हे, दहादा पाहिलेले असतात. ते कागद कोणी दिले, त्यांवर शिक्के कोणी उमटवले आणि त्या शिक्क्यांचे पैसे कोणी घेतले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

राहनाळचे उदाहरण घेऊ. वसई रोडहून दिव्याकडे जाणारी गाडी जूचंद्र, कामण, खारबाव अशी स्थानके घेत भिवंडी रोडला येते. तेथून अंजूरफाट्याच्या अंगाने राहनाळ हाकेच्या अंतरावर आहे. ज्या वाचकांची मुले ठाण्यात किंवा भिवंडीच्या गोदामांत नोकरीस आहेत, त्यांना हे नाव अपरिचित नसावे. वाडीतल्या घराच्या तीन भावांत वाटण्या झालेल्या, ठाण्याचे भाव ऐकून छाती दडपलेली, आणि लग्न तर ठरलेले. मग कोणीतरी सांगते, कशेळीचा पूल ओलांडा, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या बाजूला अजून आपल्याला झेपेल असे घर मिळते. मिळते, हे खरेच आहे. ते का झेपते, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग, अशी आपली जुनी समजूत. पण शहराभोवतालच्या गावांतली भातशेती मागांनी फारशी खाल्ली नाही. ती गोदामांनी खाल्ली. मुंबईत माल शिरला की जकात द्यावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर, पण हाताशी राहील असा साठवायला सुरुवात केली. नाशिककडचा महामार्ग जवळ, अहमदाबादकडचा जवळ, न्हावाशेव्याच्या बंदराचा रस्ताही सोयीचा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. गोदामे मात्र संपली नाहीत, उलट घरपोच मालाच्या व्यापाराने ती अधिकच फोफावली. यांतील पुष्कळशी रीतसर परवान्याविना उभी राहिली आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. २००७ साली शासनाने भिवंडीभोवतालच्या ५१ गावांसाठी एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. नियोजनकार आले तेव्हा पत्र्यांची छपरे आधीच चढलेली होती.

अशा ठिकाणी जमिनीचा भाव गोदामाचे भाडे ठरवते. राहत्या घराला उरलासुरला तुकडा मिळतो, अर्धवट भरणी केलेला, कंटेनरच्या रस्त्याला लागून. त्या तुकड्यावर रीतसर आराखडा मंजूर करून घ्यायचा, तर मोकळी जागा सोडावी लागते, रस्त्याची रुंदी दाखवावी लागते, सांडपाण्याची वाट काढावी लागते, आग लागल्यास बंब फिरेल एवढे अंगण ठेवावे लागते. या सर्वांना पैसे पडतात. ते सारे गाळले की घर स्वस्त होते. आमच्या मते या पट्ट्यातील परवान्याविना उभ्या राहिलेल्या घरांच्या स्वस्ताईचे रहस्य एवढेच आहे: तेथे घरातून घराच्या निम्म्या गोष्टी काढून घेतलेल्या असतात. गिऱ्हाईक त्यांची किंमत पुढे टँकरच्या पाण्यात, तुंबलेल्या गटारात आणि मुलांच्या दम्यात हप्त्याहप्त्याने फेडीत राहते, पण ती करारात लिहिलेली नसते.

आता कागदांकडे वळू. असे करार आम्ही वाचलेले आहेत. सोबत एक सातबारा असतो; त्यावर शेतकरी कुटुंबातील नऊ-दहा जणांची नावे असतात आणि त्यांच्यापैकी तिघांनी दिलेले कुलमुखत्यारपत्र जोडलेले असते. उरलेल्या बहिणींच्या सह्या कोठे आहेत, असे विचारले तर ‘त्या घरच्याच आहेत’ असे उत्तर मिळते. मग ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. मग नमुना ८ चा उतारा, ज्यावर इमारतीची नोंद आणि घरपट्टीचा आकडा असतो. मग विजेचे बिल. शेवटी नोटरीची मोहोर. तरुण माणसाने, तेही आयुष्यात प्रथमच घर घेणाऱ्याने, एवढी कागदांची चळत पाहिली तर त्याचा विश्वास बसू नये काय? त्याला कोण सांगणार, की नमुना ८ ही करआकारणीची नोंदवही आहे, बांधकामाचा परवाना नव्हे. की नोटरी सही खरी असल्याचे सांगतो, मजकूर खरा असल्याचे नव्हे. की नियोजन प्राधिकरण नेमलेल्या क्षेत्रात ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर पाच मजले उभे राहू शकत नाहीत? हे सांगण्याचे कर्तव्य ज्यांचे, ते सारे त्या व्यवहारात पैसे घेणारे असतात.

आणि शासन? ते तर सर्वांत आधी हात पुढे करते. दस्त नोंदवायला गेले की मुद्रांक शुल्क घ्यायचे, नोंदणी फी घ्यायची, अंगठा आणि छायाचित्र घ्यायचे. उद्या इमारत बेकायदा ठरली की सांगायचे, आमचे काम दस्त नोंदवण्याचे, परवाना तपासण्याचे नव्हे. महापालिकांच्या कायद्यात तर अनधिकृत बांधकामाकडून मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती घेण्याची तरतूद आहे, आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे पाप मोजून त्याचा कर घ्यायचा आणि पापाला हातही लावायचा नाही. जत्रेतला खेळवाला याहून सचोटीने वागतो.

या खेळाचे शेवट काय होतात ते दूर शोधावे लागत नाही. राहनाळपासून जवळच वळपाडा येथे २९ एप्रिल २०२३ रोजी खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे अशी इमारत कोसळली. ८ माणसे मेली. त्याआधी २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतच जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर पडली आणि मृतांचा आकडा ४० च्या घरात गेला. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण दगावले. ती इमारत काही शंभर वर्षांची नव्हती, जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. जेथे इमारती पडत नाहीत तेथे त्या पाडल्या जातात. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या आणि सुमारे २,५०० कुटुंबे रस्त्यावर आली. हे वसईकर वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

कागदांच्या प्रश्नाला सर्वांत चोख उत्तर कल्याण-डोंबिवलीने दिले. तेथील ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या आणि त्याच बनावट परवानग्यांच्या आधारे त्यांना महारेराचे नोंदणी क्रमांकही मिळालेले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आता सांगा, त्या घरमालकांनी आणखी कोणता कागद पाहायला हवा होता? ज्या संस्थेने नोंदणी केली तिच्याही नजरेतून सुटलेला खोटा शिक्का कारकुनाच्या किंवा परिचारिकेच्या नजरेने पकडावा, अशी अपेक्षा आहे काय?

कायदे नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. सदनिकांच्या मालकीविषयीचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ सालचा आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डराने ताबा देऊ नये आणि घेणाऱ्याने घेऊ नये, असे त्यात लिहून ठेवले आहे. पुढे २०१६ चा रेरा कायदा आला. त्याने बरेच भले केले, हे मान्य करू. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या इमारतीला त्याने नोंदणीतून सूट दिली. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. ज्यांनी अशी गावे पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे, की दोन-तीन गुंठ्यांवर किती बिऱ्हाडे रचता येतात. जेथे संरक्षणाची खरी गरज, नेमके तेथे कायद्याचे दार उघडे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, की पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय वीज, पाणी आणि मलवाहिनीची जोडणी देऊ नये. बँकांनीही तो पाहूनच कर्ज द्यावे. हे निर्देश अक्षरशः पाळले गेले, तर बेकायदा इमारतीत दिवाच लागणार नाही आणि दिवा लागला नाही तर ती विकलीही जाणार नाही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक म्हणतो, गरिबाला शेवटी हीच घरे परवडतात, तेव्हा सरसकट नियमित करून टाका. २०१७ साली शासनाने नगररचना कायद्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही बांधकामांपुरता तो मार्ग उघडलाही. परिणाम काय? प्रत्येक बिल्डर पुढल्या तारखेची वाट पाहतो. शिवाय नियमित केल्याने खांबात सळई वाढत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याला अधिक टोचणारा आहे. तो म्हणतो, तुम्हीच हरित वसईच्या नावाने बांधकामांना विरोध केलात, पुरवठा आटला, म्हणून तुमच्या मुलांना राहनाळ गाठावे लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या लोकांना हे ऐकवणे धाडसाचेच आहे. नालासोपारा-विरारला इमारतींचा तुटवडा पडल्याचे कोणी पाहिले आहे? त्या चळवळीने रस्ता आणि पाणी यांच्या आधी मजले चढवण्याला विरोध केला होता, आणि अग्रवाल नगरीत तेच झाले. सिमेंटचा पुरवठा कधीच कमी नव्हता. २०१२ साली केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरांत सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची उणीव दाखवली, आणि तिच्यातील बहुतांश वाटा अल्प उत्पन्न गटांचा होता. २०११ च्या जनगणनेत शहरी भागांतच सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. उणीव आहे ती कायद्याने उभ्या राहिलेल्या, आपल्या माणसाच्या पगारात बसणाऱ्या घरांची. ती बाजारावर सोडून भरून निघत नाही.

ती कशी भरते, याचा दाखला आपल्याच समाजात आहे. गावदेवीला १९१५ साली सारस्वतांनी सहकारी गृहसंस्था काढली. पाठोपाठ १९१८ साली वांद्र्याला साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. प्लेगने मुंबईच्या दाटीवाटीचा धडा शिकवून फार वर्षे झालेली नव्हती. पगारदार माणसांनी एकत्र येऊन आधी जमीन, मग आखणी, मग घर, असा क्रम धरला. आज सहकारी संस्था हा शब्द उरला आहे, पण ती इमारत विकून झाल्यावर देखभालीची वर्गणी गोळा करण्यापुरती. जमीन संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी सभासदांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात.

शासनाकडे आमची मागणी सरळ आहे. नियोजन प्राधिकरणाने स्वतः संगणकावर चढवलेला परवाना क्रमांक जुळल्याशिवाय दुय्यम निबंधकाने सदनिकेचा दस्त घेऊ नये. घेतलाच आणि इमारत बेकायदा निघाली, तर घेतलेले मुद्रांक शुल्क सव्याज परत करावे आणि कुटुंबाला पर्यायी निवारा द्यावा. खर्च बिल्डरकडून वसूल करायचा की अधिकाऱ्याकडून, ते शासनाने पाहावे. घरपट्टीच्या प्रत्येक पावतीवर ‘हा बांधकाम परवाना नाही’ हे शब्द मोठ्या टाइपात छापावेत. त्याला विधेयकही लागत नाही, शाई लागते.

आणि धर्मग्रामांकडे एक विनंती. आपल्यात वकील आहेत, वास्तुविशारद आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले लोक आहेत. विवाहपूर्व मार्गदर्शनात संसाराविषयी इतके सांगितले जाते. त्यात एक तास घराच्या कागदांना द्यावा, आणि महिन्यातून एका रविवारी या जाणत्या मंडळींनी मिस्सानंतर टेबल मांडून बसावे. टोकनची रक्कम देण्यापूर्वी मुलामुलींनी आपला करार तेथे आणावा. राहनाळचा करार समोर आला, तर वाचणाऱ्याने पहिला प्रश्न एवढाच विचारावा: एमएमआरडीएच्या बांधकाम परवान्याचा क्रमांक कोणता, आणि तो प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन कोणी पडताळून पाहिला?