करंट कुठपर्यंत येतोय, ते आधी बघा

पावसाळा लागला की चिंचोटी नाक्यावर बॉनेट उघडून उभी राहिलेली जुनी गाडी हमखास दिसते. एकीकडे अहमदाबाद हायवेचे ट्रेलर, दुसरीकडे कामणवरून भिवंडीला जाणारा रस्ता, आणि कडेला एखादी मारुती ८००. सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन काही धरत नाही. मग कुणीतरी थांबतं आणि सांगतं, कॉइल गेली. दुसरा म्हणतो, प्लग बदला. गाडीवाला घाईत असतो, घरची मंडळी गाडीत बसलेली असतात, कुणी सांगेल ते बदलून घेतो.

जुनी गाडी बाळगणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अंदाजाने एकही पार्ट बदलू नका. बॅटरीपासून प्लगपर्यंत करंट कुठवर पोचतोय ते क्रमाने बघा. जिथे तो अडतो, तिथेच बिघाड.

हे मी शिकलो ते वडिलांच्या पद्मिनीवर. गाडी चालता चालता बंद पडायची, दहा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायची. सहा महिन्यांत दोन कॉइल बदलल्या, कंडेन्सर बदलला, प्लगचा नवा सेट घातला. शेवटी टॅक्सीच्या कामात आयुष्य गेलेले एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांच्या हातात बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, एवढंच. पाचेक मिनिटांत त्यांनी कॉइलच्या पॉझिटिव्हला आलेल्या वायरचं थिंबल माझ्यापुढे धरलं. वरून अगदी धडधाकट. त्यांनी रबरी टोपी मागे सरकवली, तर आत तांब्यावर हिरवा गंज चढलेला, आणि सगळ्या तारांपैकी तीन-चारच धड होत्या. धक्का बसला की त्या सुटायच्या, गाडी थांबली की पुन्हा टेकायच्या. एका थिंबलपायी आम्ही दोन कॉइल फेकल्या होत्या.

पॉइंटवाल्या गाडीत वाट सरळ आहे. बॅटरीतून करंट चावीच्या स्विचला जातो, तिथून कॉइलच्या पॉझिटिव्हला, कॉइलमधून निगेटिव्हने डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटला आणि पॉइंट मिटलेले असले की बॉडीला अर्थ होतो. पॉइंट उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो, तो जाड वायरीने कॅपच्या मधोमध येतो आणि रोटर तो एकेका प्लगला वाटतो.

सुरुवात बॅटरीच्या टर्मिनलपासून करा. पांढरा-हिरवा क्षार घासून काढा, इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी घट्ट आहे का ते हलवून बघा. सेल्फच मंद फिरत असेल, तर आधी बॅटरी आणि तिच्या जोडण्या बघा. बाकी तपासणी नंतर.

मग टेस्ट लॅम्पची, म्हणजे त्या मिस्त्रींसारख्या वायरी जोडलेल्या बल्बची, एक वायर बॉडीच्या कोऱ्या लोखंडाला आणि दुसरी कॉइलच्या पॉझिटिव्हला लावा, चावी ऑन करा. बल्ब लागला नाही तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा तिथून येणाऱ्या वायरीत आहे. लागला तर बल्ब निगेटिव्हला लावून सोबतच्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला की समजा, पॉइंट आपलं काम करताहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांवर काजळी आहे. पेटतच नसेल तर कॉइलचं आतलं वेटोळं तुटलेलं असेल, नाहीतर पॉइंटची वायर किंवा कंडेन्सर बॉडीला शॉर्ट असेल.

एक गोष्ट मात्र बल्ब दाखवत नाही. तीन-चार तारांवरही तो पेटतो. म्हणून पॉइंट मिटलेले असताना व्होल्ट मोजणारा मीटर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या पॉझिटिव्हपर्यंत लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर मधल्या कुठल्यातरी जोडणीत करंट वाया जातोय. वाटेत रेझिस्टर बसवलेल्या गाडीला हा हिशेब लागू नाही. पॉइंट मिटलेले असताना चावी उगाच ऑन ठेवू नका, कॉइल तापून जळते.

इथवर सगळं ठीक असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा आणि उजेडात तिरपी धरा. आतल्या बाजूला पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप बदलाच. ओलाव्यातून करंट त्या रेघेवरून पळतो. वसईच्या दमट हवेत हे फार होतं, आणि तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की पंखा ते पाणी थेट इंजिनावर उडवतो. रेघ नसेल तर कोरड्या सुती फडक्याने कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी पुसा, तेवढ्यानेही बऱ्याच गाड्या सुरू होतात. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी काढून बघूच नका. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किंवा इंजेक्शनच्या गाडीत हे बल्बचे प्रयोग मुळीच करू नका, मॉड्यूल कायमचं जाऊ शकतं.

वायरी पिळून वर टेप मारण्याची आपली सवय मला खरंच भीतीदायक वाटते. अनेक जुन्या गाड्यांत इग्निशनच्या वायरीला फ्यूजच नसतो. त्याच वायरीवरून कुणी हॉर्न घेतो, कुणी म्युझिक सिस्टिम, कुणी फॉगलाइट. मग चावीच्या स्विचचे आतले पत्रे जळतात, कधी डॅशबोर्डखाली वायरिंग वितळतं. जादा सामान बसवायचं तर बॅटरीपासून वेगळी वायर, तिला फ्यूज आणि रिले, हीच पद्धत. आणि कुठलीही वायर सोडायच्या आधी बॅटरीची अर्थची वायर काढा.

पॉइंटवाल्या गाड्या आता थोड्याच उरल्यात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदवली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींवर हात बसलेले मिस्त्रीही आता वयाने थकलेत. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर रविवारी त्यांच्याकडे जा, तुमच्या गाडीच्या वायरिंगचं चित्र वहीत काढून घ्या, कुठली वायर कुठल्या रंगाची ते लिहून ठेवा. ही वही, टेस्ट लॅम्प, सुती फडकं आणि जास्तीचा पॉइंट-कंडेन्सर कायम डिकीत असू द्या.

हायवेवर गाडी बंद पडली तर मात्र यातलं काहीही तिथे करत बसू नका. होता होईल तेवढी गाडी डावीकडे घ्या, पार्किंगचे दिवे लावा, इशाऱ्याचा त्रिकोण मागे लांब ठेवा आणि घरच्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा. पावसात ट्रेलरवाल्याला तुम्ही फार उशिरा दिसता. टोईंगवाला बोलवा आणि गाडी नाक्यावरून आत, उजेडात आणि छपराखाली न्या. बल्ब तिथे काढा.