मुलाखतीनंतर घरी काय विचारायचं?

तुमच्या घरातलं कुणी मोठ्या टेक कंपनीच्या मुलाखतीला बसलं असेल, तर त्या दिवसाचं वातावरण तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या इंदूरच्या घरी गेल्या वर्षी अशीच धांदल होती. धाकटा भाऊ घरूनच, व्हिडिओ कॉलवर, सॉफ्टवेअर इंजिनीअरच्या नोकरीसाठी मुलाखत देणार होता. शिट्टीचा आवाज नको म्हणून आईने सकाळी सातलाच कुकर उरकून घेतला. बाबांनी दाराची बेल बंद केली आणि कुरियरवाल्याला बाहेरच थांबवायला फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. मी दुसऱ्या खोलीत माझं लिखाणाचं काम उघडून बसले होते, पण कान सगळे भिंतीपलीकडे.

पाऊण-पाऊण तासाच्या चार फेऱ्या झाल्या. संध्याकाळी त्याने दार उघडलं आणि आम्ही तिघांनी एकदमच विचारलं, "झालं का? मिळेल का?"

"बघू," म्हणाला आणि गच्चीवर निघून गेला.

आठवड्याभराने नकाराचा मेल आला. चार ओळींचा, गोड शब्दांतला आणि कारण न सांगणारा. आईने मावशीला फोनवर "अजून चाललंय त्यांचं" असं सांगितलं. तो दोन दिवस धड जेवला नाही. "माझ्यात काही नाहीच ताई," एवढंच एकदा म्हणाला. ते ऐकून मात्र मला राहवलं नाही.

मी बीए इंग्लिश. कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही म्हटलं, "नोकरीचं राहू दे. तुला प्रश्न काय विचारला होता, तेवढं मला समजेल असं सांग."

नेमकं विचारतात काय?

पहिल्या फेरीतला प्रश्न त्याने मला किराण्याच्या भाषेत समजावला. समजा, दुकानात 100 वस्तू आहेत आणि प्रत्येकीची किंमत तुमच्याकडे लिहिलेली आहे. त्यातल्या कोणत्या दोन वस्तूंची बेरीज बरोबर 100 रुपये होते, ते शोधायचं.

साधा मार्ग म्हणजे प्रत्येक वस्तूची उरलेल्या प्रत्येकीशी जोडी लावून बघायची. अशा 4,950 जोड्या होतात. पण वस्तू 1 लाख असतील तर? मग जोड्या जवळजवळ 500 कोटींवर जातात. त्यापेक्षा हुशार मार्ग असा की हाताशी एक वही ठेवायची. 30 रुपयांची वस्तू आली की 70 आधी वहीत आहे का ते बघायचं. असेल तर काम झालं, नसेल तर 30 लिहून पुढे जायचं. म्हणजे 100 वस्तूंसाठी फार तर 100 फेरे.

"हे तुला येत होतं?" मी विचारलं.

"एका मिनिटात सुचलं. सगळ्या किमती आधी वहीत भरून घेतल्या आणि मग एकेकीची जोडी शोधली."

मला सहज शंका आली. "मग 50 रुपयांची एकच वस्तू असेल तर? वहीत 50 आधीच लिहिलेलं आहे. ती स्वतःशीच जोडी लावेल ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "त्यांनीही हेच सुचवलं होतं. 50 घेऊन एकदा चालवून बघा, म्हणाले. मला वाटलं, माझी चूक काढतायत. मी घाबरलो आणि सगळंच खोडून परत लिहायला बसलो."

त्याआधी दोनदा त्यांनी "काय विचार करताय?" असंही विचारलं होतं. दोन्ही वेळा याने "एक मिनिट" म्हणून मान खाली घातली होती. मुलाखत घेणारा माणूस त्याला वाट दाखवत होता आणि आमचे चिरंजीव ती परीक्षकाची लाल शाई समजत होते.

नकाराचा अर्थ किती लावायचा?

अशा मुलाखतीत नुसतं उत्तर बघत नाहीत. प्रश्न नीट समजून घेतला का, आधी साधा मार्ग सांगून मग तो सुधारला का, आपला विचार समोरच्याला कळेल असा मांडला का आणि दिलेली सूचना ऐकली का, हेही बघतात. कारण पुढे काम चार जणांसोबत करायचं असतं. ज्यांना अनुभव आहे त्यांना मोठी यंत्रणा कशी उभी कराल हेही विचारतात. शिवाय आधीच्या कामात मतभेद झाले तेव्हा काय केलंत, असे प्रश्नही असतात.

आमच्या काकांनी भावाला कोड्यांचं पुस्तक आणून दिलं होतं. गटाराची झाकणं गोल का असतात, या थाटाची कोडी. पण तेव्हा गूगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख असलेले लास्लो बॉक यांनी 2013 सालीच सांगून टाकलं होतं की अशा कोड्यांवरून माणूस काम कसं करेल याचा काहीच अंदाज येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. 2020 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 48 विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. काहींनी फळ्यापाशी उभं राहून, परीक्षकासमोर मोठ्याने बोलत कोडिंगचा प्रश्न सोडवला. बाकीच्यांना तोच प्रश्न खोलीत एकट्याने सोडवायला दिला. परीक्षकासमोर उभं राहिलेल्यांची कामगिरी एकट्याने सोडवणाऱ्यांच्या निम्म्यावर आली. गट लहान होता, हे खरं. पण कुणी टक लावून बघत असलं की येत असलेलंही सुचत नाही, हा अनुभव तुम्हा-आम्हा सगळ्यांचा आहे. पाहुण्यांसमोर पोळी फुगत नाही, तसंच.

म्हणून नकाराचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी, त्या पाऊण तासात जमलं नाही. तुमच्या मुलात किंवा मुलीत काही नाही, असा तो निकाल नसतो. पण सगळा दोष कंपनीवर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. भावाची चूक होतीच. फक्त ती त्याला वाटत होती तिथे नव्हती. तो अभ्यासात कमी पडला नव्हता, बोलण्यात आणि ऐकण्यात कमी पडला होता. आणि हे सुधारता येतं.

घरच्यांनी काय करावं?

आम्ही एक साधी वही केली. मुलाखत झाली की त्याच रात्री त्यात चार गोष्टी लिहायच्या. प्रश्न काय होता, मी आधी काय केलं, कुठे अडलो आणि समोरच्याने कोणती सूचना दिली. आठवड्याने निकालाचा मेल येतो, तोवर मन आठवणींना आपल्याला हवा तसा रंग देऊन बसतं. म्हणून त्याच रात्री.

दुसरं म्हणजे रोज अर्धा तास मी त्याच्यासमोर बसते. तो प्रश्न सोडवताना मोठ्याने बोलतो. मला कळलं नाही की मी हात वर करते. कोडिंग येत नसल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच फायदा झाला! हे काम तुम्हीही करू शकता. त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही. फक्त मधे बोलून उत्तर सुचवायचं नाही आणि फोन बाजूला ठेवायचा.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, म्हणजे पहिला प्रश्न बदलायचा. "मिळेल का?" याचं उत्तर त्या संध्याकाळी त्याच्याकडे नसतंच. मग आपण ते का विचारतो? स्वतःची धाकधूक कमी करायला. ती धाकधूक आपण त्याच्या अंगावर टाकतो आणि तो गच्चीवर जातो.

त्या मोठ्या कंपनीत त्याला अजून परत अर्ज करता आलेला नाही. काही महिने थांबावं लागतं. मधल्या काळात दुसऱ्या दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. एका ठिकाणाहून नकार आला, दुसरीकडचा निकाल यायचाय. परवा तो खोलीतून बाहेर आला तेव्हा बाबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि आईकडे बघून मिटलं. आईने त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली आणि विचारलं, "आज काय शोधायला सांगितलं रे?"

तो खाता खाता सांगू लागला. आईला त्यातलं निम्मं कळलं नसेल. पण तो गच्चीवर गेला नाही.