शिपायाचा पगार जास्त, की हमालाचा कमी?

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते. तेव्हा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एकच सूर होता: यांना एवढा पगार, वर पेन्शन कशाला? मीही मान हलवली होती. पुढे सातव्या वेतन आयोगाचा अहवाल वाचला आणि थोडी लाज वाटली.

आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून सरकारी आणि खासगी पगारांची तुलना करून घेतली होती. सरकारातल्या सर्वांत खालच्या मदतनीसाला तेव्हा भत्त्यांसह महिना 22,579 रुपये मिळत होते. पाहणीतल्या खासगी संस्था त्याच दर्जाच्या कामाला 8,000 ते 9,500 देत होत्या. दुपटीहून जास्त फरक! पण आता भिवंडीतल्या एखाद्या घराचा हिशेब मांडून बघा. खोलीभाडे, रेशन, दोन मुलांची फी, अम्मीची औषधे. नऊ हजारांत हे कसे बसवणार? आयोगाने किमान मूळ वेतन 18,000 ठरवले, तेही चार माणसांच्या कुटुंबाचे अन्न, कपडा, इंधन मोजूनच. म्हणजे सरकारी आकडा पोटापुरता आहे. खासगी आकडा पोटालाही पुरत नाही.

वरच्या टोकाला चित्र नेमके उलटे. देशाच्या कॅबिनेट सचिवाचे मूळ वेतन आयोगाने अडीच लाख ठरवले. मोठ्या कंपनीचा प्रमुख वर्षाला कोट्यवधी घेतो, त्यावर कँटीनमध्ये कोणी बोलत नाही.

आणि सरकारही सगळ्यांना सारखे वागवत नाही. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला 2023 पर्यंत महिना 6,000 मिळत, आता 16,000. शेजारच्या वर्गात तोच धडा शिकवणाऱ्या कायम शिक्षकाचा पगार कितीतरी जास्त. आशाताईंना तर पगार नव्हे, ‘मानधन’.

सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितले की मुस्लिम लोकसंख्या 13.4 टक्के, आयएएसमध्ये मात्र 3 टक्के. तेव्हापासून आपल्या मोहल्ल्यांत यूपीएससीची पोस्टर्स लागतात. लागू द्या. पण पगारातला खरा फरक शिपाई, परिचर, लिपिक या पदांवर आहे, आणि त्या जाहिराती किती जण वाचतात? माझ्या इंजिनिअरिंगच्या मित्रांपैकी एकानेही असा फॉर्म भरला नव्हता. मीही नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. खासगी मालक म्हणजे फक्त बड्या कंपन्या नव्हेत. कारखाना आपला असतो, दुकान आपले असते, विनाअनुदानित शाळा चालवणारी संस्थाही आपलीच असते. मजुराच्या हक्कावरची हदीस जुम्म्याच्या खुतब्यात आपण सगळेच ऐकतो. पुढच्या बैठकीत संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एवढेच विचारा: आपल्या शाळेतल्या शिक्षिका ज्या आकड्यावर सही करतात, तेवढीच रक्कम त्यांच्या हातात पडते का?