उशी, पेन्सिली आणि इरलं

शुक्रवारी रात्री ट्रेकच्या सॅकमध्ये तुम्ही काय काय भरता? टॉर्च, विंडचीटर, मॅगीची पाकिटं. मी त्यावर एक उशीसुद्धा कोंबली. ग्रुपने माझी यथेच्छ टर उडवली. ‘आहुप्याला झोपायला चाललीयेस का?’ आता काय सांगणार? ती उशी झोपायची नव्हतीच मुळी. तिच्यात टाचण्या होत्या!

तर मंडळी, कबुली देते. गेले सहा महिने मी बॉबिन लेस शिकतेय. क्रोशा नव्हे हं. क्रोशाला एक सुई, एक दोरा. इथे प्रत्येक दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक लाकडी बॉबिन, आणि अशा कितीतरी जोड्या. परदेशी बॉबिनच्या किमती बघून मी गुपचूप माघार घेतली आणि घरातल्या जुन्या पेन्सिली अर्ध्या कापून त्यांनाच दोरा गुंडाळला. चालतंय की!

फंडा एकदम सोप्पा. उशीवर भोकं पाडलेला नक्षीचा कागद. हातात एका वेळी फक्त चार बॉबिन. मधल्या दोघींपैकी डावी उजवीवरून नेली की ‘क्रॉस’. मग दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून नेली की ‘ट्विस्ट’. बस्स. अख्ख्या बॉबिन लेसमध्ये मूळ चाली या दोनच. क्रॉस-ट्विस्ट करत राहिलात की चौपेडी वेणी. क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलंत की कापडासारखी घट्ट वीण. आणि क्रॉस-ट्विस्ट, टाचणी, पुन्हा क्रॉस-ट्विस्ट असं तिरकं उतरत गेलात की मोकळी जाळी. हिला म्हणतात ‘टॉर्शन ग्राउंड’.

ग्राउंड म्हणजे लेसचं अंग. साडीचे काठ, पदर, बुट्टे सगळे बघतात. अंगाकडे कोण बघतं? पण बुट्टे त्याच्यावरच उभे असतात ना! लेसचंही तसंच. जाळीत गाठ एकही नाही. दोरे एकमेकांना ओलांडतात आणि ताण सांभाळतात, त्यावर सगळा डोलारा.

सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्समध्ये ही कला बहरली. आपल्याकडे १८२० च्या सुमारास नागरकोविलला मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी ती शिकवायला घेतली. तोवर तिकडे इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने १८०८-०९ मध्ये अशी षटकोनी जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलेलं होतं. लग्नात घेतलेली नेटची ओढणी जरा डोळ्यांजवळ धरून बघा. षटकोनच षटकोन! जे विणायला बाईचा अख्खा दिवस जायचा, ते यंत्र वाराने विकायला लागलं.

तरी हाताची लेस संपली नाही. हौशी मंडळींनी नक्षीचे कागद जपले, क्लब काढले. ब्रिटनची लेस गिल्ड १९७६ ची, ओइडफा ही आंतरराष्ट्रीय संघटना १९८२ ची. स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावात तर १८७६ पासून लेसची शाळा आहे, आणि तिथल्या लेसकामाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

असो. तर आहुपे. मंचर, घोडेगाव, मग डिंभ्याचं धरण, आणि पुढे नुसता हिरवा रंग. कड्यावरून कोकण दिसतं म्हणे. आम्हाला ढग दिसले. शनिवारी पावसाने असं झोडपलं, की ग्रुप पत्ते कुटत बसला आणि मी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या ओटीवर उशी मांडली.

घरातल्या आजी हिरडा निवडत होत्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “येणी घालतीस व्हय गं उशीची?”

मी हसून सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, “दिसभरात किती व्हतं?” म्हटलं, चार बोटं. “मग त्याचं करायचं काय?” मला काही उत्तर सुचेना. आजी जवळ सरकल्या, जाळीवर नजर फिरवली आणि एका जागी बोट ठेवलं. “हितं ढिलं पडलंय बघ.”

बघितलं, तर खरंच. चार ओळी मागे एक ट्विस्ट राहिला होता. ज्या बाईंनी आयुष्यात लेस पाहिली नव्हती, त्यांना तो दिसला. मला दिसला नव्हता!

कसं काय, असं विचारल्यावर आजींनी आतून एक जुनं इरलं आणलं. भातलावणीत पाठीवर घ्यायचं ते. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये दाबलेली पानं. आणि जाळी? षटकोनच षटकोन. दोन दिशांच्या कामट्या नुसत्या एकमेकींवर टाकल्या तर सरकतात. तिसरी खालून-वरून जाते आणि दोघींना जखडते. गाठ नाही, खिळा नाही.

“आता इनतं का कुणी?” मी विचारलं.

“पोरगा चाकणला कामाला. लावणीला येतो तवा प्लास्टिकचा कागद घेतो. हलका पडतो.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “म्या शिकिवलं असतं की. पन इचारलं कुनी?”

मी गप्प. प्लास्टिकला नावं ठेवायला मी कोण? माझंही विंडचीटर तिथेच खुंटीला टांगलेलं होतं. वाकून लावणी करणाऱ्याला हलकं तेच हवं. पण लेस यंत्रापुढे टिकली ती सुंदर होती म्हणून नव्हे. कुणीतरी शेजारी बसलं, शिकलं, उतरवून ठेवलं, म्हणून टिकली. इरल्याचा नक्षीचा कागद कुठेच नाही. तो आजींच्या बोटांत आहे.

उशी बाजूला ठेवली. “आजी, मला शिकवाल?”

संध्याकाळपर्यंत माझं जे काही झालं, त्याने फार तर मोबाइल झाकला असता, तोही अर्धा. दोन बोटांत कुसळं गेली. आजींनी ते दोनदा उसवलं आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, येतंय.” मी लेसच्या कागदाच्या मागे कामट्यांचा क्रम काढून घेतला. भिंगरी लागल्यासारखा दिसतोय, पण वाचता येतो.

चार ओळी उसवून तो ट्विस्टही नीट केला हं. पुढच्या महिन्यात पुन्हा जातेय. या वेळी सॅकमध्ये उशी नाही, मोठा कागद नेतेय. ग्रुपमधला जो सगळ्यात जास्त हसला होता ना, तोही येतोय म्हणाला. पत्ते घरी ठेवून!