वऱ्हाड प्रांत कर्जात गेला की हिशेबात?

१/ राष्ट्रीय कर्जाची चर्चा बहुधा आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. इतके लाख कोटी, म्हणजे देश बुडालाच! हे कर्ज कोणाच्या हुकमाने वाढले आणि वही कोणाकडे होती, हे प्रश्न मागे पडतात. त्यांचे मोल वर्धा नदीच्या काठी कळते.

२/ सेलू तालुक्यातील हिंगणी आज बोर धरणामुळे परिचित आहे. हे गाव नदीच्या पूर्वेचे, नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर पलीकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला. पुढे अवघ्या दहा महिन्यांत दोन्ही काठ कंपनीच्या ताब्यात आले. हिंगणीचा काठ मार्च १८५४ मध्ये, भोसल्यांना वारस नाही म्हणून. पलीकडचा मे १८५३ मध्ये, थकबाकीपोटी.

३/ ही थकबाकी कशाची? १८०० च्या तहातील तैनाती फौजेच्या खर्चासाठी निजामाने जिल्हेच तोडून दिले होते, त्यामुळे ती बाब मिटलेली होती. कर्ज वाढवले ‘हैदराबाद कंटिन्जंट’ने. तहाप्रमाणे निजामाने फौज पुरवायची ती युद्धकाळी. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात मात्र ब्रिटिश अधिकाऱ्यांखाली कायमची फौज उभी राहिली. तिचा पगार निजामाने द्यायचा, हुकूम मात्र रेसिडेंटचा. शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन तहात नाही, हे खुद्द डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केले आहे. तरीही वसुली थांबली नाही.

४/ दिवाण चंदुलाल पगार भागवण्यासाठी विल्यम पामर आणि कंपनीकडून उचल घेत. व्याज शेकडा २५ च्या आसपास! महसूल मक्त्याने दिलेला, म्हणजे रयतेकडून निघालेला पैसा खजिन्यात पोहोचेपर्यंत आटलेला. दरबाराचा दोष इथे आहे, आणि तो लहान नाही. पण ज्या खर्चाला कात्री लावण्याचा अधिकारच नाही, तो खर्च कोणता काटकसरी दिवाण आवरणार?

५/ १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीकडे आले. १८६० मध्ये सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र नाही. कर्ज फिटले तरी तारण सुटले नाही!

६/ त्याच तहातले एक कलम अधिक बोलके आहे. शिल्लक निजामाला मिळेल, पण वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब त्याने मागायचा नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. शिल्लक किती राहिली, हे ठरवणार वही ठेवणारा. प्रांत खऱ्या अर्थाने गेला तो या कलमाने, ५० लाखांनी नव्हे.

७/ केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सुमारे ४८ लाख कोटींच्या खर्चापैकी साडेअकरा लाख कोटींहून अधिक रक्कम व्याजाची होती. ओझे खरेच आहे. तथापि बहुतांश कर्ज रुपयांत, देशातल्याच बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधीचे आहे. खर्चाला संसदेची मंजुरी लागते, हिशेब महालेखापरीक्षक तपासतो. निजामाच्या दरबाराला यांतले काहीच लाभले नव्हते. म्हणून कर्जाच्या आकड्याइतकेच लक्ष लेखापरीक्षण अहवाल वेळेवर सभागृहात येतो की नाही, याकडे हवे. तिकडे फारसे कोणी पाहत नाही.

८/ सालारजंग यांनी वऱ्हाड सोडवण्याचे प्रयत्न केले, ते फेटाळले गेले. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने गेला. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. कारभार पूर्वीप्रमाणेच नागपुरातून चालू राहिला.